तळ्याकडची भिंत

“आई, ती डबी खाली ठेव. तुला कुणी विचारलंय का?”

मुलगा दारात आडवा उभा होता. मिस्त्रीणबाई रंगाची डबी या हातातून त्या हातात करत होत्या. सकाळपासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो ओट्यावरच गार झाला.

तळ्यावर साय धरल्यासारखा घाण थर यायला लागला, तेव्हा काठावरच्या घरांनी बसून ठरवलं होतं. प्रत्येकाच्या संडासात लाल रंग टाकायचा. ज्याचा रंग तळ्यात उतरेल, त्यानं आपली संडासाची टाकी उकरून दुरुस्त करायची. सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. पण परक्या माणसाला संडासापर्यंत कोण येऊ देणार? म्हणून डबी बाईंच्या हाती आली, आणि खोटं कशाला बोला, बाईंना ते काम भलतंच आवडलं. कुणाच्याही घरात शिरायचं, वर दोन शब्द सुनवायचे. शेजारच्या वेल्डरचा रंग उतरला तेव्हा त्या भर अंगणात म्हणाल्या होत्या, “स्वस्तातला कारागीर गाठलात ना? भोगा आता!” बिचाऱ्यानं शेवटी अंगण उकरलं.

राहिलं होतं ते फक्त बाईंचं घर. तिथं रंग टाका असं कुणी म्हणालंच नाही. खुद्द मिस्त्रींनी बांधलेली टाकी गळेल कशी? मिस्त्री जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांच्या हातावरचा लोकांचा विश्वास तसाच होता.

बाईही तेच धरून चालल्या होत्या. पण काल वेल्डरची बायको भोपळा न्यायला आली आणि सहज बोलून गेली, “आमचं सगळं करपलं हो. तुमच्या वेलाला घालता तरी काय?” परसात टाकीमागे वेल नुसता माजला होता. बाईंनी त्याला महिनाभरात तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

“बाबांच्या नावावर मला कामं मिळतात,” मुलगा म्हणाला. “उद्या कोण बोलावेल?”

“आणि तळं?”

“एका घरानं तळं नासत नाही.”

“वेल्डरही हेच म्हणाला होता. तेव्हा मी काय बोलले, ऐकलंस ना तू? सरक.”

तो सरकला नाही. बाई त्याच्या काखेखालून गेल्या. संडासात डबी रिकामी केली, वर बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि तळ्याच्या काठावर येऊन बसल्या.

बसवेना. उठल्या, दोन काटक्या उचलल्या, पुन्हा टाकल्या. उतरू नको रे बाबा, एवढं एकच मनात चाललं होतं. ऊन डोक्यावर आलं, तरी पाणी होतं तसंच. बाईंना हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. टाकीची तळ्याकडची, मिस्त्रींच्या हातची ती शेवटची भिंत त्यांना आठवत होती. तेव्हा ते आजारी होते. हात थरथरायचा, थापीवरचा माल अर्धा खाली पडायचा. मुलगा म्हणाला, मी करतो. मिस्त्रींनी त्याला हात लावू दिला नाही. बाई शेजारी बसून विटा भिजवून देत होत्या. सगळं दिसत होतं, पण नवऱ्याला राहू द्या म्हणायची हिंमत झाली नाही.

मग दरडीच्या फटीतून पाण्यात एक लाल धार उतरली. बारीक होती, पण थांबेना.

वेल्डर आपल्या पंपाकडे निघाला होता. त्याचं लक्षही नव्हतं. बाईंनीच हाक मारली, “अहो, इकडे या. बघून घ्या.”

त्यानं वाकून पाहिलं. “वा! लोका सांगे ब्रह्मज्ञान...” म्हणाला, आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं गिळून टाकलं. तसाच घरी गेला. आता गावभर होणार, बाईंनी ओळखलं.

तो परत आला तो खांद्यावर पहार घेऊन. “वेल बाजूला घ्या. तुडवला जाईल.”

मुलगा परसात आला. त्यानं कुदळ उचलली. दोघांनी तळ्याच्या बाजूनं माती काढली, तशी भिंत उघडी पडली. खालचे थर ओळंब्यात, सुतासारखे सरळ. वरचे वाकडे, सांधे पोकळ, कुठे नखभरही माल नाही. तिथूनच ओल पाझरत होती.

“पाडायची?” वेल्डरनं विचारलं.

मुलानं त्या वाकड्या थरांवरून तळहात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. “नको,” तो म्हणाला. “ही राहू दे आत. बाहेरून नवी भिंत घालतो. पक्की.” मग आईकडे न बघता म्हणाला, “आई, विटा.”

बाईंनी बादली भरली. खाली बसल्या आणि एकेक वीट पाण्यात सोडू लागल्या.