हसण्याच्या जागा

धडपडेमामाचं खरं नाव सांगायला त्याच्या सख्ख्या बहिणीलाही क्षणभर थांबावं लागे. चाळीस वर्षं तो रंगमंचावर पडत आला होता. टेबलावरून, शिडीवरून, स्वतःच्याच बुटाच्या नाडीवरून. पडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पडलात तर उठणार नाही." झालं, मामाचा धंदा बसला.

तेव्हा परवाना कार्यालयाने त्याला बोलावून घेतलं. सभागृहात विनोदाचा कार्यक्रम करायचा तर मजकूर आधी त्या कार्यालयात द्यावा लागे. नियम असा, की ज्या कार्यक्रमात लोक सरकारी खात्यांना आणि अधिकाऱ्यांना पाचापेक्षा जास्त वेळा हसतील, त्याला परवानगी नाही. आता लोक कुठे हसतील हे कागदावरून ओळखायचं कसं? कार्यालयात कुणालाच ते जमेना. तिथली माणसं वर्षानुवर्षं हसलेलीच नव्हती. म्हणून मामाला जिन्याखाली एक टेबल दिलं आणि हातात लाल पेन्सिल दिली. जिथे लोक हसतील तिथे त्याने समासात फुली मारायची आणि कारकुनाने त्यातल्या सरकारी फुल्या मोजायच्या.

मामाची फुली कधी चुकली नव्हती, आणि त्याचा त्याला ताठा होता. जे कार्यक्रम बंद पडत त्यांचं पुढे काय होई, याची तो चौकशी करत नसे. "मी आपला फुल्या मारणारा," म्हणायचा.

एका सकाळी टेबलावर नवी फाईल आली. अर्जावर नाव नसे, नुसता क्रमांक असे. पण पहिलीच ओळ होती, "कोण म्हणतं?" मामाला पुढचं वाचायची गरजच उरली नाही. त्याच्या पोटात जे आठ महिने दुखत होतं, ते पुन्हा दुखायला लागलं.

हे विचारणारी ती त्याच्या बहिणीची मुलगी. लहानपणी विंगेत त्याच्या बुटांवर लक्ष ठेवून बसायची. मोठी झाली आणि आठ महिन्यांपूर्वी एक दिवस स्वतःच रंगमंचावर जाऊन उभी राहिली. तोंडाला रंग नाही, अंगावर वेगळा पोशाख नाही आणि पडणं तर नाहीच. कुठल्या खात्याने काही जाहीर केलं, कुठल्या बाबाने चमत्कार केला, कुठल्या पुढाऱ्याने आकडा फेकला, की ही शांतपणे विचारायची, "कोण म्हणतं?" लोक आता दुकानात, दवाखान्यात, रांगेत एकमेकांना तेच विचारायला लागले होते. आणि या पोरीने आता थेट मोठ्या सभागृहासाठी अर्ज केला होता. हजार खुर्च्या! मामाला तिथे चाळीस वर्षांत कुणी उभं केलं नव्हतं.

"नुसतं उभं राहायचं यात कसली कला?" तो बहिणीला म्हणाला होता. "बसची वाट बघणाराही उभाच असतो."

"पण दादा, त्याला बघायला लोक तिकीट काढून येत नाहीत," बहीण म्हणाली होती. त्यानंतर मामा पंधरा दिवस तिच्याकडे फिरकला नव्हता.

त्याने पेन्सिलीला टोक काढलं. आज काम सोपं होतं. फसवाफसवी करायची नव्हती, कुणाकडे शब्द टाकायचा नव्हता. रोजच्यासारख्या खऱ्या फुल्या मारायच्या, की सभागृह गेलं. सहा फुल्यांचा प्रश्न होता.

त्याने वाचायला घेतलं.

"पाणीखातं सांगतं, शहरात पाणी मुबलक आहे. कोण म्हणतं? पाणीखातंच म्हणतं. मी विचारायला गेले. साहेब म्हणाले, बसा. मी म्हटलं, घोटभर पाणी मिळेल? साहेबांनी शिपायाला हाक मारली. शिपाई म्हणाला, साहेब, तुम्हीच काल सांगितलंत, पाणी आपापल्या घरून आणायचं."

मामाच्या हातातली पेन्सिल समासापर्यंत गेली. इथे सगळं सभागृह हसेल, हे त्याला कागदावर दिसत होतं. मागच्या रांगेतल्या बायका आधी हसतील, मग पुढचे पुरुष. पेन्सिल तिथेच अडली. फुली मारायची म्हणजे काय? म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, की ही पोरगी हसवते. सही करून, तारीख घालून. ते कागद कारकून बघणार, वरच्या अधिकारीणबाई बघणार, फाईल पन्नास वर्षं कपाटात राहणार.

"हॅ," मामा स्वतःशीच म्हणाला. "यात शिपाई पाण्याची कळशी घेऊन पडला असता तर काहीतरी झालं असतं." आणि पुढे गेला.

पुढे हरवलेल्या वस्तू शोधून देणारा एक बाबा होता. त्याच्या दाराबाहेर पाटी होती, 'छत्र्या आपापल्या जबाबदारीवर ठेवाव्यात.' बाबा काही सरकारी नव्हता, त्यामुळे ही फुली मोजणीत धरलीच नसती. तरी मामाने ती मारली नाही. पुढच्या पानांवर तक्रारपेटी होती, शाळा तपासणीस होते, उद्घाटन झालेला पण बांधायचा राहिलेला पूल होता. मामा दात आवळून वाचत होता. शेवटच्या पानावर त्याला स्वतःचाच उल्लेख दिसला.

"माझे मामा सांगतात, एकदा एक मोठे अधिकारी त्यांच्या विनोदाला इतके हसले, की खुर्चीवरून खाली पडले. कोण म्हणतं? मामा म्हणतात. मी चौकशी केली. अधिकारी पडले हे खरं. पण खुर्चीचा पाय मोडलेला होता. तो दुरुस्त करायचा अर्ज त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. आणि मामा तेव्हा अजून विंगेत बूट शोधत होते."

मामाच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की कारकुनाने मान वर केली.

"काय झालं, मामा?"

"ठसका लागला."

"पाणी देऊ?"

"पाण्याचं नाव काढू नका," मामा म्हणाला आणि त्याने शेवटच्या पानाखाली लिहिलं: फुल्या, शून्य.

दुपारी अधिकारीणबाईंनी त्याला वर बोलावलं. फाईल त्यांच्यापुढे उघडी होती आणि कारकून भिंतीला टेकून उभा होता.

"शून्य?" बाई म्हणाल्या.

"शून्य."

"मामा, हिच्या कार्यक्रमाला लोक पोट धरून हसतात असं ऐकलंय."

"कॉलेजातली पोरं हसतात. ती काय, बोट दाखवलं तरी हसतात."

बाईंनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "स्पष्ट सांगते. हा कार्यक्रम होऊ नये असं वरून आलंय. पण नियमाबाहेर मला जाता येत नाही. सहा फुल्या द्या. तुमची भाची आहे म्हणून जड जात असेल, तर मी समजू शकते."

मामाच्या अंगाची लाही लाही झाली. भाचीची माया म्हणून नव्हे. ही बाईसुद्धा धरून चालली होती, की लोक हसणार!

"भाचीचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी हसणं ओळखतोय. यात ते नाही. हवं तर दुसऱ्या कुणाकडून फुल्या मारून घ्या."

"बरं. मग वाचून दाखवा. शेवटचं पान."

मामाने कागद घेतला. त्याने ठरवलं, की वीज बंद राहणार असल्याची सूचना वाचतात तसं वाचायचं. चढ नाही, उतार नाही. पण त्या ओळींना तेच हवं होतं. खुर्चीच्या मोडलेल्या पायाची ओळ येताच कारकून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. 'सहीसाठी पडून होता' म्हटलं आणि बाईंची नजर त्यांच्याच टेबलावरच्या फायलींच्या ढिगाकडे गेली. त्यांनी ओठ मिटले. नाकातून फुसकन हवा सुटली. मग त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलाची कड धरून हसल्या.

मामा कागद धरून उभा होता. उभ्या आयुष्यात कुठल्या अधिकाऱ्याने त्याला असं हसू दिलं नव्हतं. आता दिलं, तेही त्याच्याच तोंडच्या ओळींना, आणि ते त्याचं नव्हतं. त्याला वाटलं, गुडघे गेले खड्ड्यात, इथल्या इथे पडून दाखवावं.

बाईंनी डोळे पुसले.

"झालं ना," मामा कडवटपणे म्हणाला. "आता तुम्हीच मारा फुली. लिहा, अधिकारी स्वतः हसले."

"मी हसले असं लिहून वर पाठवू?" बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं.

"मला खोकला आहे, मॅडम," कारकून घाईघाईने म्हणाला.

बाईंनी फाईल ओढली, शेरा लिहिला, 'हसण्यासारखे काही आढळले नाही', आणि परवानगीची सही केली.

संध्याकाळच्या आत कारकुनाकडून शून्य फुल्यांची बातमी बहिणीच्या घरी पोचली. मामा गेला तेव्हा तिने दारातच त्याचे दोन्ही हात धरले. "दादा, नोकरीची पर्वा केली नाहीस रे! वरून दाब असूनही!" शेजारीण बघायला आली. मामाला चांगली खुर्ची दिली. तो गरम चहा फुंकत बसला. खोटं कौतुक आत जात नव्हतं, आणि बाहेर टाकायचाही धीर होत नव्हता.

बहीण शेजारणीला पोचवायला खाली गेली, तेव्हा भाची समोर येऊन बसली.

"मामा, आई म्हणते तू मला वाचवलंस."

"म्हणते ना. मग झालं तर."

"मी आईला नाही विचारत, तुला विचारतेय. शेवटच्या पानावरसुद्धा एकही फुली नाही? तू? अरे, शोकसभेच्या पत्रकावर फुली मारणारा माणूस तू!"

मामाने कप खाली ठेवला. सरळ 'हो, वाचवलं' म्हणता आलं असतं. पण ही पोरगी चौकशी करणार आणि उद्या ते हजार माणसांसमोर सांगणार, हे त्याला माहीत होतं.

"वाचवायला बसलो नव्हतो," तो म्हणाला. "बुडवायलाच बसलो होतो. पण तुला बुडवायचं तर आधी तू हसवतेस असं लिहून द्यावं लागत होतं. ते काही हाताला झेपेना. म्हणून पास केलं."

भाची जी हसत सुटली, ती खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसली. हातांनी पोट धरलं, बोलायला गेली, बोलता येईना. मामा तिच्याकडे बघत होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून असं हसणं त्याच्यापुढे कुणी हसलं नव्हतं. आणि आज तो पडलाही नव्हता. नुसता बसून होता.

तिने डोळे पुसले आणि बाजूची वही ओढली.

"मामा, परत सांग. हाताला झेपेना, त्याच्या आधी काय म्हणालास?"

"वही मिट," मामा म्हणाला.

"अरे, पण शनिवारी सभागृहात मला हे..."

"मिट म्हणतो ना! त्या वाक्याला हात लावायचा नाही. ते माझं आहे."