इथली वर्गणी

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माझे यजमान प्रभाकर कित्येक वर्षं मराठी मंडळाचे खजिनदार आहेत. गणपतीची वर्गणी मागायला हे दारात उभे राहिले की लोक पावतीकडे बघतसुद्धा नाहीत. कॉलनीत गोळा झालेला पैसा कॉलनीतच दिसतो, मांडवात नाहीतर प्रसादात, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच भरवशावर आम्ही फसलो.

क्वार्टर्स विकून कारखान्याने हात झटकले आणि पाणी महापालिकेकडे गेलं. पाइप सडलेले, वरच्या मजल्यांवर नळाला नुसती हवा. पाणी नाही म्हणून कुणी पाणीपट्टी भरेना, आणि कुणी भरेना म्हणून पाइप बदलेनात. शेवटी थकबाकी वसुलीच्या शिबिरात महापालिकेचे साहेब म्हणाले, "पहले बकाया जमा करवाइए, फिर पाइपलाइन का देखेंगे." ह्यांनी त्यातलं 'देखेंगे' तिथेच सोडलं आणि बाकीचं घरोघर जाऊन सांगितलं.

तिसऱ्या मजल्यावर सुमित्राकाकू एकट्या राहायच्या. नीळकंठकाका गेल्यापासून मुलगा उदय त्यांना कोलार रोडच्या फ्लॅटवर न्यायला टपलेला. "नळाला पाणी आलं तर मी इथून हलायची नाही," म्हणत काकूंनी थकबाकी भरायला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडली. मी म्हटलं होतं, काकू, जरा थांबा.

"अगं, प्रभाकर मागतोय ना," त्या म्हणाल्या.

घरोघरी पैसे भरले गेले, वर्ष गेलं, पाइप काही आला नाही. हे वॉर्ड ऑफिसात निघाले, मीही गेले. कुणीतरी पैसे खाल्लेत याची मला खात्रीच होती. खरं सांगते, मी भांडायच्या तयारीनेच गेले होते.

तिथला बाबू शांतपणे म्हणाला, "किसी ने नहीं खाया, आंटी. वसूली पूरे शहर के खाते में जाती है. उसी से स्ट्रीट लाइट का बिल भरा, सफ़ाईवालों की रुकी तनख़्वाह दी. पाइप का बजट अलग है, उसमें पैसा नहीं. और आप लोगों का तो अभी सरचार्ज ही उतरा है, मूल रक़म बाक़ी है."

परतताना रिक्षात हे एवढंच बोलले, "कुणी खाल्ले असते तर भांडता तरी आलं असतं गं."

सफाईवाल्यांच्या पगारावर रागवायचं तरी कसं? पण राग होताच, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

गणपतीच्या तोंडावर काकूंच्या दारात टेम्पो उभा राहिला. उदय घाई करत होता, "आई, चल ना, ट्रॅफिक बढ़ जाएगा." हे मान खाली घालून त्यांचा माठ टेम्पोत चढवत होते. यंदा ह्यांनी कुणाच्याच दारात वर्गणी मागितली नव्हती.

पुढच्या सीटवरून काकूंनी ह्यांना हाक मारली आणि पदराची गाठ सोडून एक नोट पुढे केली.

"काकू, तुम्ही तर चाललात," हे म्हणाले.

"वर्गणी आहे, घे रे. मी नाही राहिले, ही तरी इथेच राहील."