सुटा ताल

आमच्या उमलाझी वस्तीत गाणं रेडिओच्या आधी शेअर टॅक्सीत वाजतं. त्या दिवशी टॅक्सीत बसले, तर माझीच बीट, म्हणजे गाण्याखालचं नुसतं संगीत, वाजत होती आणि ड्रायव्हर सगळ्यांना सांगत होता, "आपल्या लुंगेलोने बनवलीय."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. खरखरणाऱ्या लॅपटॉपवर मान मोडून मी ती बीट बनवली होती. शेजारच्या लुंगेलोला नुसती ऐकायला पाठवली, तर त्याने सुरुवातीला मी माझ्या आवाजात घातलेलं माझं नाव तेवढं कापलं आणि पेन ड्राइव्ह टॅक्सीवाल्यांना वाटले.

संध्याकाळी तोच निलाजरा दारात उभा. "नोक्वांदा, एक गायक या बीटवर गाणार आहे. त्याला ताल वेगळा, बास वेगळा, असं सुटं सुटं पाहिजे."

"मग दे की. बीट तुझीच ना?"

"चिडतेस काय एवढी? माझ्याकडे सगळं एकत्रच आहे."

"शिजलेल्या मटणातून मीठ काढता येत नाही रे, चोरा. ज्याने शिजवलं, त्यालाच विचारावं लागतं."

तो दात काढून हसला. मी आत गेले आणि सुटा ताल पेन ड्राइव्हवर भरून दिला.

त्याने तो आधी ऐकलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी टॅक्सी स्टँडवर, त्या गायकासमोरच, मोठ्या स्पीकरवर लावला. प्रत्येक ठोक्याला माझा आवाज आला, "बीट नोक्वांदाची, लुंगेलो चोर."

आता टॅक्सीवाले तेच वाजवतात. लुंगेलो पायी फिरतो.