मागचं उजवं दार

मी बोलतेय ती तीन लाख अकरा हजार किलोमीटर चालून झाल्यावर. एवढं चाललेल्या माणसाला लोक अनुभवी म्हणतात. एवढं चाललेल्या गाडीभोवती मात्र ते नाकाला रुमाल लावल्यासारखे फिरतात. मी पांढरी, उंच, सात माणसं बसतील अशी गाडी आहे. सध्या नागपुरात, मनीषनगरच्या एका इमारतीखाली उभी असते.

कारखान्यातून निघाले ती थेट सावनेरच्या एका कोळसा ठेकेदाराकडे. खाणीवरच्या साहेबांना आणि मुकादमांना घेऊन मी अकरा वर्षं धावले. कोळशाची बुकणी माझ्या दारांच्या रबरात शिरली ती कायमचीच. गोविंदा नावाचा ड्रायव्हर मला रोज धुवायचा आणि रोज शिव्या द्यायचा. दोन्ही प्रेमानेच, असं मी धरून चालले होते.

नवव्या वर्षी एका ट्रकने मला मागून उजवीकडे चिरडलं. तिथे बसलेल्या मुकादमाला बाहेर काढायला दार कापावं लागलं. तो वाचला, पण पुन्हा चालला नाही. ठेकेदार आला. त्याने आधी मला पाहिलं, मग त्याला.

"स्वस्तात उभी करा," तो म्हणाला. ते माझ्याबद्दल होतं. मुकादमाबद्दल तो काही बोलला नाही.

भंगारातल्या एका गाडीचा छत पेलणारा खांब कापून माझ्या उजव्या दारामागे जोडला. वर पुट्टी थापली, त्यावर रंग मारला. बाहेरून काही कळत नव्हतं. आणखी दोन वर्षं मला राबवून ठेकेदाराने नवी गाडी घेतली आणि मी वर्धा रोडवर अमोलच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात येऊन उभी राहिले.

तिथे माणसं पाहिली. टायरला लाथ मारणारे, बोनेट उघडून काही न कळता मान डोलावणारे, आधी आरशात स्वतःला बघणारे. पण मनोहररावांसारखं कोणी आलं नाही. धरमपेठेतल्या एका कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. वय चौऱ्याहत्तर. सोबत त्यांची मुलगी कामिनी. ती सावनेरच्या शाळेत शिकवते आणि तिची सात वर्षांची गोपिका त्याच शाळेत शिकते. कामिनीचा नवरा पुण्याला नोकरीला, म्हणून त्या दोघी नागपुरात मनोहररावांकडेच राहतात. रोजचा बसचा प्रवास मायलेकींना झेपेना.

"त्या रोडवर कोळशाचे ट्रक लहान गाडीले मोजतच नाही," कामिनी म्हणाली. "मले मोठीच पाहिजे. आणि बाबा, तुम्ही पाहा. तुम्ही हो म्हटलं की मी डोळे मिटून घेते."

तीन आठवड्यांत मनोहरराव पाच वेळा आले. खिशात प्रश्नांची यादी. विचारलेला प्रश्न खोडायचे, मग खोडलेला पुन्हा लिहायचे. चौथ्या खेपेला कामिनी चिडली.

"बाबा, पोरगी पाहायले आले का तुम्ही? तिनं तर आतापर्यंत नाही म्हणून दिलं असतं!"

पाचव्या खेपेला त्यांनी खिशातून एक चुंबक काढला. नाडी बघावी तसा तो माझ्या पत्र्यावर फिरवू लागले. छपराला चिकटला, पुढच्या दारांना चिकटला. मागच्या उजव्या खांबाशी आणला तर हातातून सुटून खाली पडला. त्यांनी उचलला, पुन्हा लावला. पुन्हा पडला. पुट्टीला चुंबक चिकटत नाही.

मला वाटलं, सुटले. हा म्हातारा घाबरट आहे, पण शहाणा आहे.

तेवढ्यात अमोल समोर आला. इतके दिवस त्याचा भागीदार साहिलच गाडी दाखवत होता. पंचेचाळिशीचा अमोल वाकला आणि मनोहररावांच्या पायाला हात लावला.

"सर, मले वळखलं काय?"

मनोहरराव चष्मा सरळ करून बघू लागले.

"बीएस्सी फर्स्ट इयर, सर. लंबकाचं प्रॅक्टिकल. माझं उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं होतं, आकडा न् आकडा. तुम्ही माझी वही साऱ्या पोरांसमोर खिडकीबाहेर फेकली. म्हणाले, इतकं बरोबर उत्तर चोराचंच येते." अमोल हसत होता. "मी कॉलेज सोडलं ना त्याच वर्षी. बरंच झालं म्हणा. नाहीतर आज मास्तर असतो कुठं."

कामिनी हसली. मनोहरराव हसले नाहीत. हातातला चुंबक लपवू की दाखवू, हे त्यांना कळत नव्हतं.

"अमोल, या खांबाला... इथे पुट्टी आहे का रे? काही अपघात वगैरे?"

अमोलचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

"सर, पुन्हा चोर ठरवून राहिले काय मले?"

मनोहरराव म्हणाले, "मी जरा आत बसून बघतो," आणि मागे उजवीकडे बसून त्यांनी दार लावून घेतलं. आतला माणूस काय पुटपुटतो ते फक्त मला ऐकू येतं.

"मी नंतर तोच लंबक मोजला होता," ते म्हणाले. "तेच उत्तर आलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही."

ते बाहेर आले तेव्हा चुंबक खिशात गेला होता.

"काही शंका, सर?" अमोलने विचारलं. कामिनीसमोर, साहिलसमोर, मोठ्याने.

"नाही. काही शंका नाही."

गाडीतलं त्यांना कळत नव्हतं असं नाही. एकदा ज्याला नाहक चोर ठरवलं त्याच्यावर दुसऱ्यांदा संशय घेण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं. याला ते प्रायश्चित्त समजले असतील. मी त्याला भित्रेपणा म्हणते. पण मी लोखंड आहे, मला म्हणायला सोपं.

मला न्यायला आले त्या दिवशी अमोलने स्वतः नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुन्हा सरांच्या पाया पडला. मी फाटकातून निघत होते तेव्हा साहिलचा आवाज आला.

"भाऊ, सांगून द्यायचं होतं ना गा. लहान पोरगी बसणार हाय त्यात."

"मी तर विचारलं ना त्यायले, शंका हाय का म्हणून," अमोल म्हणाला. "खरा होतो तेव्हा चोर म्हणाले. आता चोर हाय तर म्हणते शंका नाही. चाल, चहा सांग."

त्याला सात महिने झाले. मनोहरराव रोज आमच्याबरोबर सावनेरला येतात. मागे उजवीकडे स्वतः बसतात, गोपिकाला डावीकडे बसवतात. शाळा सुटेपर्यंत बाहेरच्या झाडाखाली वर्तमानपत्र घेऊन बसून राहतात.

"रोज काहून येता बाबा? काय ठेवलं आहे तिथं?"

"हवा बरी असते."

"सावनेरची हवा? कोळशाची?"

गतिरोधक आला की माझा जोड करकरतो. आधी महिन्यातून एकदा करकरायचा, आता रोज. मनोहरराव खांबावर तळहात दाबून धरतात, जणू त्याने तो उघडायचा थांबेल.

"आवाज येऊन राहिला का कुठून?"

"नाही गं. माझे गुडघे असतील."

कामिनी हसते. आपल्या वडिलांनी नीट पाहून घेतलेली गाडी, असं ती शाळेत सगळ्यांना सांगते.

काल परतताना गोपिकाने हट्ट धरला. कोळशाची मालगाडी उजव्या खिडकीतूनच दिसते, तिला तिथेच बसायचं होतं. मनोहरराव हलले नाहीत. ती रडली. कामिनीने गाडी बाजूला घेतली.

"लहान लेकराशी जागेवरून भांडता बाबा? या वयात? सोमवारपासून तुम्ही यायचं नाही. घरी बसा, आराम करा. ती जागा आता तिची."

"कामिनी, ऐक..."

"काय?"

मी वाट पाहिली. माझं इंजिन चालूच होतं.

"काही नाही," ते म्हणाले.

आज रविवार. संध्याकाळी ते एकटेच खाली आले होते. त्या खांबाशी उभे राहिले. ओठ हलत होते. वाक्याची तालीम करत असावेत. "बेटा, मी तेव्हाच..." इथपर्यंत यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मग शेजारचे कोणीतरी आले, "काय प्रोफेसरसाहेब, गाडी कशी काय?" म्हणाले. मनोहरराव "उत्तम" म्हणाले आणि लिफ्टकडे वळले.

उद्या सकाळी साडेसहाला गोपिका धावत येईल आणि उजवं दार उघडेल. सर, तोवर बोला. चुकलो म्हणा, फसलो म्हणा, काहीही म्हणा. तुमची मुलगी तुम्हाला मूर्ख म्हणेल, एवढंच होईल. मी बोलले असते. पण मला नुसता हॉर्न आहे, आणि तो दाबायला माणूस लागतो.