माझ्या जागी आलेले इंजिन

मित्रांनो, गॅरेजच्या कोपऱ्यात, झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर जे काळे धूड टेकवून ठेवले आहे ना, ते मी. बेकरीच्या गाडीचे जुने इंजिन. मला डोळे नाहीत, पण दुसऱ्यावर जळायला डोळे लागतातच असे नाही. समोर माझी गाडी उभी आहे, आणि तिच्यात माझ्या जागी दुसरेच कोणी बसले आहे.

तापलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले आणि पहिल्या दिवसापासून याच गाडीत बसवले. गाडी दोघी बहिणींची. थोरली सकाळी पाव पोचवायची, धाकटी दुपारी बिस्किटे. थंडीत शेजारच्या गाड्यांना चार-चार माणसे धक्का मारत, पण मी एका चावीत जागे होई. धाकटी सगळ्यांना सांगायची, "आमचं इंजिन म्हणजे घरातलं तिसरं माणूस. फरक एवढाच, की ते उलट बोलत नाही!"

या कौतुकाने मी फुगून जात असे. पण न बोलण्यानेच माझा घात केला.

माझे तेल गळू लागले, तेव्हा मी माझ्या परीने सांगून पाहिले. गाडी चालवणाऱ्यासमोरचा लाल दिवा पेटला.

"ताई, हा दिवा डोळ्यांत खुपतो गं," धाकटी म्हणाली.

"अगं, जुनी गाडी. सुटली असेल एखादी तार."

धाकटीचे हात पिठाचे होते. तिने मळलेल्या पिठाची एक गोळी दिव्यावर चिकटवली आणि अंगठ्याने दाबली. पीठ वाळून खडा झाले. दिवा दिसेनासा झाला आणि दोघींना वाटले, दुखणे गेले! काही दिवसांनी भर चढावर, तेलावाचून तापून, माझे आतले भाग एकमेकांना चिकटले. मी कायमचे थांबले.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने तो खडा खरवडून काढला. "ताई, पाव भट्टीत भाजायचा असतो, गाडीत नाही!" तो हसला. मग त्याने मला तपासले. "याचं आता काही होणार नाही. दुसरं बघू. हे घाला भंगारात."

माझी एकच इच्छा उरली होती. पुन्हा आपल्या गाडीत बसायचे.

मग भंगाराच्या आवारातून तो नवखा आला. कुठल्याशा चेपलेल्या टेम्पोतून काढलेला. अंगभर गंज, एका नळीत पाखराचे घरटे. मला हायसे वाटले. म्हटले, हे ध्यान माझी जागा काय घेणार! पण पाना लावून त्याला हळूच फिरवताच मिस्त्रीचा चेहरा उजळला. "फिरतंय! आतून शाबूत आहे."

पुढे जे लाड झाले ते मला पाहवेनात. ज्या हातांनी मला साखळीला टांगून कोपऱ्यात टाकले, त्याच हातांनी त्याला रॉकेलने न्हाऊ घातले. पिस्टनना नव्या रिंगा चढवल्या, व्हॉल्व्ह घासून लखलखीत केले, वर निळा रंग दिला. मला आयुष्यात कुणी रंगाचा एक हात दिला नव्हता. बहिणी बघायला आल्या.

"अगं बाई, काय देखणं दिसतंय!"

"नवा जावईच जणू!" थोरली म्हणाली.

मी मनात म्हटले, बसवताना जावयाचे नाक कापले जावो.

आणि तसेच झाले. साखळीने उचलून त्याला गाडीत सोडले, तर तो दोन बोटे वरच अडकला. इंजिनाच्या पोटाखाली तेल साठवायचे पत्र्याचे ताट असते, त्याला चेंबर म्हणतात. नवख्याचा चेंबर खोल होता, तो खालच्या दांड्यावर आपटत होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

थोरली रिकाम्या खोक्यावर मटकन बसली. "मिस्त्री, दुकानं दुसऱ्यांचा पाव घ्यायला लागली हो. आता गाडी नाही निघाली, तर भट्टी विझवावी लागेल."

मिस्त्रीची नजर गॅरेजभर फिरली आणि माझ्यावर थांबली. "जुन्याचा चेंबर याच गाडीचा आहे. तो बसेल."

माझी जागा घेतली ती घेतली, आता माझे पोटही त्यालाच? एकेक बोल्ट निघाला. शेवटचा मी घट्ट धरून ठेवला. मिस्त्रीने हातोडा उचलला.

"थांबा, मोडू नका. यानं पुष्कळ केलंय आमचं," धाकटी म्हणाली. तिने बोल्टावर तेलाचे थेंब सोडले आणि ते मुरेपर्यंत माझ्या कुशीवर हात ठेवून उभी राहिली. बंद पडल्यापासून मला कुणी असा हात लावला नव्हता. मी बोल्ट सोडला. मोठ्या मनाने सोडला असे म्हणणार नाही. गाडीत परतायची तेवढी एकच वाट उरली होती.

माझा चेंबर लागल्यावर नवखा गाडीत नीट बसला आणि पहिल्याच चावीला सुरू झाला. बहिणींनी टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे कुणी पाहिले नाही. उद्या भंगारवाला मला घेऊन जाईल.

मित्रांनो, मुकी वस्तू तिच्या पद्धतीने काही सांगते, तेव्हा तिचे तोंड बंद करू नका. माझा मत्सर अजून गेलेला नाही, जाणारही नाही. तरी त्या निळ्याचे तेल रोज बघत जा. त्याच्यासाठी नको. ते तेल माझ्या ताटात आहे.