शांताराम घोडा आणि सुकलूची साक्ष

चिचबोडीच्या वारलू मेश्रामाचा घोडा खच्ची होऊन चार महिने झाले होते, आणि ही गोष्ट घोडा सोडून सगळ्यांना माहीत होती.

आधी त्याचं नाव तुफान. साडेतीन वर्षांचा, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा आणि डोक्यात एकच विषय. वारलू त्याला लग्नाच्या वरातीसाठी भाड्यानं देई. गेल्या वर्षी एका वरातीत समोरून दुसऱ्या मांडवाची घोडी आली आणि तुफाननं नवरदेवाला बाशिंगासकट नालीत नेऊन बसवलं, तेव्हा वारलूनं हात टेकले. गावात जनावरांचा सरकारी दवाखाना आहे. तिथे नव्यानं आलेल्या डॉक्टर दिव्यानी रामटेके यांनी रीतसर भूल देऊन, पाय बांधून, तासाभरात काम उरकलं. वारलूनं घोड्याला घरी नेताना वाटेतच त्याचं नाव बदललं आणि शांताराम ठेवलं. नाव बदललं की स्वभाव बदलतो असं मानणारी माणसं असतात, त्यांना आपण काय करणार?

"अंगातली जुनी मस्ती उतरायला दीड-दोन महिने लागतील, वारलूभाऊ," दिव्यानीनं बजावलं होतं. "तोपर्यंत घोडीच्या आसपास नेऊ नका."

वारलूनं दोन महिने पाळले, वर आणखी दोन पाळले. पण घोडीलाच कोणी बजावलं नव्हतं. धनराजची चांदणी नावाची पांढरी घोडी रोज सकाळी आठ वाजता बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, आंघोळीला जायची, आणि बोडीची वाट वारलूच्या अंगणावरून. ती दिसली रे दिसली की शांताराम मान कमानीसारखी वळवी, शेपूट वर करी, तीन गल्ल्या जाग्या होतील असा खिंकाळे आणि मागच्या दोन पायांवर उभा राही. बघायला पोरंटोरं जमत. हळूहळू मोठेही जमू लागले. गावात करमणूक तशी कमीच.

मग बोलणं सुरू झालं. "बाईनं एकच काढला. एक राह्यला आतमंदी."

हे बोलणं कुठून निघालं ते शोधायला दिव्यानीला लांब जावं लागलं नाही. तिच्याच दवाखान्यातला सुकलू, बारा वर्षं नोकरीत असलेला पट्टीबंधक, चहाच्या टपरीवर म्हणाला होता, "मी तिथीच होतो ना जी. ट्रे माह्या हातात होता. खोटं काऊन बोलू, मी तं एकच पाह्यलो."

दिव्यानीनं त्याला समोर उभं केलं. "सुकलूभाऊ, दोन काढले होते. तुमच्या हातातल्या ट्रेमध्ये ठेवले होते."

"असन मॅडम," सुकलू जमिनीकडे बघत म्हणाला. "तुम्ही म्हन्ता तं असन. पन मी एकच पाह्यलो."

आता या माणसावर चिडावं तरी कसं? तो खोटं बोलतोय असं त्याच्या तोंडावरून दिसत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

थट्टेचं दिव्यानीला फारसं काही वाटलं नसतं. जनावरांच्या डॉक्टरकीत पोरगी म्हणून शिरली तेव्हापासून तिनं थट्टा पुष्कळ पचवली होती. पण दवाखान्यासमोरची जनावरं कमी झाली. खच्चीकरणाला तर कोणी येईचना. बाहेरगावचा एक माणूस पुन्हा गावात फिरू लागला, जो दोन दगडांत धरून ठेचतो आणि वर हळद लावतो. एका सकाळी निकेश नावाचा तरुण शेतकरी आपला गोऱ्हा घेऊन दवाखान्याच्या फाटकावरून गेला, खाली मान घालून, त्या माणसाकडे. गोऱ्हा मात्र वळून वळून दवाखान्याकडे बघत होता. त्या दिवशी दिव्यानी डब्यातली पोळी तशीच ठेवून बसली. तिला रडू आलं होतं आणि रडू आलं याचा रागही आला होता.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं तिलाच वाटू लागलं. खरंच दोन काढले होते? पहिला आठवत होता. दुसरा आठवताना मध्येच एका बैलाचा आठवायचा. स्वतःच्या हातांवरचा भरवसा गेला की डॉक्टरकडे दुसरं असतं काय?

तिनं शांतारामाला पुन्हा तपासलं. हाताला काही लागलं नाही. पण पोटात लपलेला असेल तर हाताला लागणारच नाही, म्हणून रक्त काढून नागपूरला पाठवलं. बारा दिवसांनी कागद आला. रक्तात नरपणाचा मागमूस नव्हता. घोडा स्वच्छ खच्ची होता. दिव्यानीला इतका आनंद झाला की तिनं तो कागद दवाखान्याच्या फळ्यावर चिकटवला.

धनराज, म्हणजे चांदणीचा मालक आणि वरातीच्या धंद्यात वारलूचा वैरी, चष्मा लावून तो वाचायला आला. "कागदावर तं आपल्या गावात तीन हातपंप आहे, मॅडम," तो म्हणाला. "पानी कुठी आहे?"

फळ्यासमोर उभी असलेली माणसं हसली. हातपंपांचं त्याचं म्हणणं तर खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातलाच ती वारलूच्या अंगणात जाऊन बसली. वारलूची बायको कमळाबाई लगबगीनं चहा घेऊन आली. कमळाबाई म्हणजे घोड्यावर माया करणारी बाई. घोड्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी घरात चूल पेटवली नव्हती.

"मी आज नुसती बघणार आहे, कमळाबाई," दिव्यानी म्हणाली. "तुम्ही रोजचं करता ते करा."

आठ वाजता चांदणी वाटेवर आली. शांतारामानं कान टवकारले, मान वळवली, शेपूट वर केलं. दिव्यानी त्याचे डोळे बघत होती. गावातल्या कोणीही आजवर ते बघितले नव्हते, कारण सगळ्यांचं लक्ष दुसरीकडेच असायचं. चांदणी डावीकडून चालली होती, आणि घोडा उजवीकडे बघत होता. स्वयंपाकघराच्या दाराकडे.

तो खिंकाळला. दार हललं नाही. तो दोन पायांवर उभा राहिला. तेवढ्यात कमळाबाई पदराला हात पुसत बाहेर आली, हातात पत्र्याचा डबा. "शांत हो माह्या राजा, शांत हो," म्हणत तिनं डब्यातून मूठभर वाळलेली मोहफुलं काढून त्याच्या तोंडापुढे धरली. घोडा खाली उतरला आणि मोहफुलं खाऊ लागला. चांदणी कधीच बोडीवर पोचली होती. तिच्याकडे त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.

"हे रोज देता?" दिव्यानीनं विचारलं.

"मंग? दिल्याबिगर शांतच होत नाई."

दिव्यानी उठली. कमळाबाईच्या हातातून डबा घेतला आणि झाकण नुसतं वाजवलं. वाटेवर ना घोडी होती ना गाढवीण. तरी शांतारामानं मान वळवली, शेपूट उभारलं, तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असा खिंकाळला आणि मागच्या पायांवर उभा राहिला.

वारलू दातून करता करता थांबला. "आता याले कोन दिसली?"

"डबा दिसला," दिव्यानी म्हणाली. "तुमचा घोडा पोटासाठी करून राह्यला, वारलूभाऊ. पहिल्यांदा घोडी बघून जुन्या सवयीनं उभा राहिला असेल. तेव्हा तुम्ही तोंड गोड केलं. त्याला वाटलं, हेच काम आहे आपलं."

कमळाबाईचा चेहरा पडला. "त्याचं सगडं काढून घेतलं आपन, मॅडम. त्याले इचारलं नाई, सांगतलं नाई. तोंड तरी गोड करू नये का?"

दिव्यानी तिच्याशेजारी बसली. "करा ना," ती म्हणाली. "पण चारही पाय जमिनीवर असतील तेव्हा करा."

हे अंगणात मिटलं असतं, पण गावाला अंगणातलं पटत नाही. मंगळवारच्या बाजारात, दवाखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत, दिव्यानीनं सगळ्यांसमोर परीक्षा ठेवली. डाव्या बाजूला धनराज चांदणीला घेऊन उभा. त्यानं मुद्दाम तिला न्हाऊमाखू घालून, कपाळाला गोंडा बांधून आणलं होतं. उजव्या बाजूला कमळाबाई, हातात डबा. मध्ये शांताराम, लांब दोरीवर, दोरी वारलूच्या हातात. कांदे विकणारेसुद्धा तराजू टाकून आले.

"घोडा पुरा असेल तर घोडीकडे जाईल," दिव्यानी मोठ्यानं म्हणाली. "खच्ची असेल तर डब्याकडे." तोंडानं ती ठाम बोलत होती, पण मनात हिशेब दुसराच होता. आज घोडं डावीकडे गेलं तर चिचबोडीत तिच्याकडे कोणी कोंबडीही आणणार नव्हतं.

"सोड वारलू," धनराज ओरडला. "पाहू दे सगड्याईले!"

कमळाबाईनं डबा वाजवला. शांताराम खिंकाळला, दोन पायांवर उभा राहिला, आणि गर्दीतून एकच हशा उसळला. मग तो खाली आला. चांदणीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, नाकपुड्या फुलवल्या आणि डावीकडेही गेला नाही, उजवीकडेही गेला नाही. सरळ गर्दीत शिरला. लोक बाजूला झाले. पुढच्याच रांगेत सुकलू उभा होता. त्यानं पळायला पाय उचलला, पण उशीर झाला होता. शांतारामानं त्याच्या खाकी शर्टाच्या खिशात तोंड खुपसलं, शिवण टरकन फाटली आणि मूठभर मोहफुलं धुळीत सांडली. घोड्यानं ती शांतपणे वेचून खाल्ली, आणि मग दुसऱ्या खिशाची चौकशी सुरू केली.

बाजार असा हसला की म्हाताऱ्यांना खोकला लागला. संतापला तो एकटा धनराज, आणि तोही भलत्याच गोष्टीवर. "अरे, माही चांदणी काय दिसत नाई का याले?" तो वारलूच्या अंगावर गेला. "नागपूरहून मागनी येते तिले!"

दिव्यानीनं सुकलूला पायरीवर बसवलं. "तुम्ही पण देत होता?"

"एक मूठ देते वैनी," सुकलू फाटका खिसा धरून म्हणाला. "मी दोन देत होतो. दवाखान्यात येता येता."

"का?"

सुकलूनं घोड्याकडे बघितलं. "बारा वरस झाले मॅडम, जनावरं मले पाहून पयतेत. सुई टोचनारा मानूस मी. हा एकटाच मले पाहून उभा होते, लोक टाळ्या वाजवते. मले बरं वाटे."

दिव्यानीचा राग अर्धा तिथेच गेला. पण अर्धा उरलाच होता. "आणि एकच पाह्यलो म्हणून जे सांगत फिरलात, ते? माझं नाव मातीत घातलंत, सुकलूभाऊ. का?"

"ते खरं आहे जी." सुकलूनं आजूबाजूला बघितलं. सगळा बाजार कान देऊन उभा होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही असं त्याला दिसलं असावं. "पयला काढला तवा मी पाह्यलो. दुसऱ्याच्या टायमाले मी डोये मिटले होते, मंग ट्रेकडे पाह्यलोच नाई. मले ते पाहवत नाई मॅडम. कधीच पाहवलं नाई. बारा वरस झाले, दर खेपेले मी एकच पाहातो."

यावर पुन्हा हशा उसळेल असं वाटलं होतं, पण बाजारातल्या पुष्कळ पुरुषांनी नकळत मांड्या आवळल्या आणि माना डोलावल्या. हसली ती दिव्यानी. पायरीवर बसून, ओढणी तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतके दिवस जे छातीवर होतं ते एकदम उतरलं.

गर्दी पांगल्यावर निकेश एका बाजूला उभा होता. त्याच्या हातात दोरी नव्हती. "मॅडम," तो म्हणाला, "गोऱ्हा उठत नाई तीन दिवसापासून. सुजून मोठा झाला. तुमच्याकडे याचं तोंड नोतं मले."

दिव्यानीनं पिशवी उचलली. बोलायचं खूप होतं, पण गोऱ्हा वाट बघत होता.

गोऱ्ह्याची अवस्था वाईट होती. ठेचलेलं नीट ठेचलं गेलं नव्हतं आणि आत पू झाला होता. दहा दिवस सुया आणि मलमपट्टी झाली तेव्हा कुठे तो चाऱ्याला तोंड लावू लागला. अकराव्या दिवशी दिव्यानीनं उरलेलं काम निकेशच्या गोठ्यातच करायचं ठरवलं. भूल दिली. निकेशनं गोऱ्ह्याचं डोकं मांडीवर घेतलं. दाराशी शेजारीपाजारी गोळा झाले, त्यांत धनराजही होता. सुकलू ट्रे घेऊन बसला, तोंड पांढरंफटक.

"सुकलूभाऊ, तुम्हाला नसेल झेपत तर ट्रे खाली ठेवा," दिव्यानी हळूच म्हणाली.

"नाई मॅडम. आज पाहातो. आईची आन, डोये मिटत नाई."

पहिला ट्रेमध्ये आला. "एक!" सुकलू दाराकडे तोंड करून ओरडला. दिव्यानीचे हात चालत राहिले, सावकाश, न डगमगता. सुकलूनं डोळे बटाट्याएवढे उघडे ठेवले होते. दुसरा बाहेर आला. सुकलूनं तो नीट पाहिला, बोलायला तोंड उघडलं आणि ट्रेसकट मागे शेणात आडवा झाला.

दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. ट्रे पालथा पडला होता आणि साक्षीदार बेशुद्ध होता.

निकेशनं गोऱ्ह्याच्या कानामागे खाजवलं आणि मान वर केली. "मी पाह्यलो," तो दाराकडे बघून म्हणाला. "माह्या डोयानं पाह्यलो. दोन आहे." मग दिव्यानीकडे वळला. "तुम्ही टाके घाला, डॉक्टर."