वाटेवर दूध शिंपडणारी पळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पळी आहे. मंगोलियात, सीमेजवळच्या एका घरात खुंटीला टांगलेली असते. दुलमाआजीच्या नवऱ्याने मला कोरलं आणि माझ्या तोंडाशी नऊ खळगे केले. कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या वाटेवर माझ्यातून दूध शिंपडायचं, म्हणजे माणूस सुखरूप परततं, ही आमच्याकडची रीत. शर्यतीच्या घोड्यांपासून लष्करात निघालेल्या पोरांपर्यंत सगळ्यांना मी निरोप दिला. काय माझा तोरा होता!

मग आजीची लेक अनुजिन सीमेपलीकडे हॉटेलात नोकरीला निघाली. मी भरभरून दूध शिंपडलं. ती परत आलीच नाही. नोकरी नव्हतीच, तिला विकलं होतं, हे फार उशिरा कळलं. तेव्हापासून आजीने अशा तावडीतून सुटून आलेल्या मुलींसाठी घर उघडलं. मी मात्र धूळ खात, तो निरोप आठवत लटकत राहिले.

यंदा तेमूलेन नावाची विद्यार्थिनी या मुलींना सांभाळायचं काम शिकायला इथे राहिली. तशीच सुटून आलेल्या सोलोंगोला भीतीने झोप लागत नसे. दाराला आतून कडी आहे, हे तेमूलेन तिला पुन्हापुन्हा दाखवायची. सोलोंगो उंबऱ्याबाहेर पाऊलही टाकत नसे.

तेमूलेनची मुदत संपली. उलानबातरच्या गाडीला निघताना ती हसत म्हणाली, "आजी, दूध नाही का शिंपडणार? अशीच धाडता की काय मला?"

आजीने मला काढून पुसलं. तेवढ्यात सोलोंगोने झडप घालून मला हिसकावलं.

"नको! माझ्या आईनंपण शिंपडलं होतं!"

तेमूलेनचा चेहरा उतरला. "अगं, मी परत येईन. अगदी नक्की..."

"गप बस," आजी म्हणाली. "गोड बोलूनच फसवलंय यांना. जमेल तेवढंच बोल."

तेमूलेनने हातातली पिशवी खाली ठेवली. "परत येणं जमेल का, ठाऊक नाही. पोचले की फोन करीन. तेवढं करीनच."

दूध न शिंपडताच ती गेली. सोलोंगो मला मांडीवर घेऊन फोनपाशी बसली. जेवली नाही, तिथेच डुलक्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी घंटा वाजली.

"पोचले गं!"

"खरंच? कोण आहे तिथं? कोणाच्या घरी आहेस?"

"माझ्याच. आई शेजारी उभी आहे. विचारतेय, ती पोरगी जेवली का?"

सोलोंगो उठली. मला दुधात बुडवून तिने उंबरा ओलांडला आणि वाटेवर दूध शिंपडलं. अर्धं तिच्याच बुटांवर सांडलं.

"उशिरा शिंपडलेलं चालतं का, आजी?"

"चालतं की."

मग आजीने मला धुऊन टांगलं. फोन उचलून कानाला लावला, चालू आहे ना ते पाहिलं आणि हळूच खाली ठेवला. अनुजिन गेल्यापासून ती रोज असं करते.

मित्रांनो, मला तूप चोळून जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्या दुधाने कुणी वाचत नाही, हे मला कळून चुकलं आहे. तुम्ही कुणाला निरोप दिलात, तर ते माणूस पोचलं का, कुणाकडे उतरलं, हे विचारा. उत्तर आलं नाही, तरी विचारत राहा.